मजकूर नेमका कुठे अडला? डीटीपी सॉफ्टवेअरच्या बीटा चाचणीत मजकूर-प्रवाहाचे दोष शोधण्याची पद्धत

"पान ४१ नंतर मजकूर गायब होतो" एवढेच एक वाक्य आणि त्याला जोडलेली ९६ पानांची अख्खी स्मरणिका, अशा तक्रारी डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याच्या, सॉफ्टवेअरच्या बीटा चाचणीत (पक्क्या होण्यापूर्वीच्या नव्या आवृत्तीच्या चाचणीत) सर्रास केल्या जातात. "आमच्याकडे असे घडत नाही" या उत्तरासह त्या परत येतात आणि तक्रार करणारा वैतागून जुन्या आवृत्तीकडे वळतो. दोष बहुधा खरा असतो. पण तो मजकुरात आहे, चौकटीच्या (पानावर मजकूर ज्यात बसवतात त्या चौकोनाच्या) मापात आहे, फॉन्टात आहे की प्रोग्रॅममध्ये, हे न ठरवताच तक्रार पाठवलेली असते. पुढचे टप्पे हे ठरवण्यासाठी आहेत. त्यांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे, की कमी वेळ घेणाऱ्या आणि वारंवार आढळणाऱ्या कारणांची तपासणी आधी व्हावी. क्रम मोडला तर दोन कारणे एकमेकांत मिसळतात आणि मग दोन्ही सापडत नाहीत.

तयारी: चाचणीला बसण्यापूर्वी

पहिली गोष्ट अशी की बीटा आवृत्तीत चालू काम करू नये. चवथीच्या तोंडावर किंवा जत्रेच्या आधी छपाईला जायची स्मरणिका बीटामध्ये उघडून "बघू तरी" म्हणणे हा चाचणीचा मार्ग नव्हे. नव्या आवृत्तीत एकदा साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत नीट उघडेल याची खात्री नसते. म्हणून मूळ फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यावी आणि प्रतीच्या नावात आवृत्ती व तारीख लिहावी. इनडिझाइन हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी आयडीएमएल (जुन्या आवृत्तीतही उघडता येणाऱ्या स्वरूपातली) प्रतही काढून ठेवावी. स्क्रायबस या प्रोग्रॅममध्ये १.४ आणि १.६ या स्थिर, तर १.५ आणि १.७ या विकासाच्या मालिका आहेत. दशांशानंतरचा विषम अंक दिसला की ती आवृत्ती चाचणीची आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रमांकित परिच्छेदांची फाइल. माझ्या अनुभवात हिच्याइतका वेळ वाचवणारी दुसरी युक्ती नाही. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये २०० परिच्छेद तयार करावेत आणि प्रत्येकाच्या आरंभी त्याचा क्रमांक ठेवावा: "१. ", "२. " असे "२००. " पर्यंत. परिच्छेद मुद्दाम लहानमोठे असावेत. काही एका ओळीचे, काही आठ ओळींचे. असा मजकूर साखळीत, म्हणजे एकीतून दुसरीत मजकूर वाहावा म्हणून जोडलेल्या चौकटींत, ओतला की काय गळले, काय दोनदा आले आणि काय जागा सोडून पुढे गेले, हे एका नजरेत कळते. क्रमांक हातांनीच टंकावेत. प्रोग्रॅमची आपोआप क्रमांक देणारी सोय वापरली तर परिच्छेद गळल्यावर पुढचे क्रमांक आपोआप बदलतील आणि चोरी झाकली जाईल.

या २०० परिच्छेदांत आपल्या भागातले अवघड शब्द पेरावेत: कुंकळ्ळी, म्हार्दोळ, डोंगरदऱ्या, तऱ्हा, सुऱ्या, शांतादुर्गा, प्रीत्यर्थ, आणि एखादे लांबलचक सामासिक पद, उदाहरणार्थ "श्रीदेवीवार्षिकमहोत्सवव्यवस्थापनसमिती". लांब पद कृत्रिम वाटेल, पण देवस्थानांच्या पत्रिकांतून याहून लांब पदे मी जुळवलेली आहेत.

तिसरी गोष्ट नोंदवहीची. सॉफ्टवेअरची पूर्ण आवृत्ती, बिल्डचा (त्या आवृत्तीच्या वेळोवेळी तयार होणाऱ्या प्रतीचा) क्रमांक किंवा तारीख, संगणकाची प्रणाली, वापरलेला फॉन्ट आणि त्याच्या फाइलची आवृत्ती एवढे आधीच लिहून ठेवावे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे ही नोंद कागदावर असली तर अधिक बरे. आपोआप साठवणुकीची सोय असेल तर तिचा अवधीही लिहावा. कारण वीज परतल्यावर प्रोग्रॅमने परत मिळवून दिलेली फाइल ही मूळ फाइल नसते, आणि तिच्यावर पुढची चाचणी करू नये.

*इशारा:* एका वेळी एकच गोष्ट बदलावी. फॉन्टही बदलला आणि चौकटीची उंचीही वाढवली, मग मजकूर दिसू लागला, तर आपल्याला काहीही कळलेले नसते.

टप्पा १: मजकूर आहे की गेला, हे आधी ठरवा

दिसत नसलेला मजकूर आणि नष्ट झालेला मजकूर या दोन निराळ्या बाबी आहेत, आणि परत आलेल्या बहुतेक तक्रारींत त्यांची गल्लत झालेली असते. डीटीपीच्या टेबलावर आपण "मॅटर उरले" म्हणतो ती पहिली बाब. त्यात मजकूर फाइलमध्ये शाबूत असतो, फक्त शेवटच्या चौकटीत मावलेला नसतो. इनडिझाइनमध्ये अशा वेळी चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ लाल अधिकचिन्ह दिसते, तर स्क्रायबसमध्ये त्याच कोपऱ्यात फुलीचा छोटा चौकोन दिसतो. जुन्या पेजमेकरवर हात बसलेल्यांना तिथला लाल त्रिकोण आठवेल.

चिन्ह दिसले नाही म्हणून मजकूर गेलाच असे समजू नये, कारण ते चिन्ह न उमटणे हाच दोष असू शकतो. फक्त मजकूर दाखवणारी संपादनाची खिडकी उघडून शेवटच्या परिच्छेदाचा क्रमांक पाहावा. २०० तिथे असेल तर मजकूर शाबूत आहे आणि प्रश्न मांडणीचा आहे. नसेल तर फाइल साठवून, बंद करून, साध्या मजकूर-संपादकात उघडावी. स्क्रायबसची एसएलए फाइल एक्सएमएल, म्हणजे साध्या मजकुराच्या स्वरूपात, असल्याने ती थेट वाचता येते, आणि जोडलेल्या चौकटींचा मजकूर साखळीतल्या पहिल्या चौकटीच्या नोंदीत सापडतो. आयडीएमएल हे झिप केलेले गाठोडे असते. ते सोडवले की "स्टोरीज" नावाच्या फोल्डरमध्ये मजकुराच्या फाइली मिळतात. तिथे हरवलेल्या परिच्छेदातला एखादा शब्द शोधावा.

तीन शक्यता उरतात. शब्द फाइलमध्ये आहे आणि संपादन-खिडकीतही आहे, तर टप्पा २ कडे जावे. फाइलमध्ये आहे पण खिडकीत नाही, तर दोष फाइल उघडण्याच्या क्रियेत आहे. थेट टप्पा ७ गाठावा. फाइलमध्येही नाही, तर मजकूर खरोखर नष्ट झाला आहे आणि ही सर्वांत गंभीर तक्रार होय. मग शेवटच्या दहा मिनिटांत आपण काय काय केले, हे विसरण्यापूर्वी लिहून काढावे, विशेषतः "अन्डू" किती वेळा वापरले ते.

*तपासणी:* हा टप्पा संपला की "मजकूर शाबूत, दिसत नाही" किंवा "मजकूर नष्ट" यांपैकी एक शेरा नोंदवहीत लिहिलेला असला पाहिजे.

टप्पा २: साखळीचा क्रम पाहा

चौकटींचे जोड दाखवणारी रेषा सुरू करावी आणि पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत बोट ठेवून जावे. स्क्रायबसमध्ये चौकट निवडून एन कळ दाबली की पुढची चौकट जोडता येते आणि यू कळीने जोड सुटतो. जोडताना चुकून भलत्या पानावर क्लिक झाले, तर मजकूर १२ व्या पानावरून १५ व्या पानावर जातो आणि मग १३ व्या पानावर परततो. वाचणाऱ्याला मधला भाग गळल्यासारखा वाटतो, पण प्रोग्रॅमने सांगितले तेच केलेले असते.

आणखी एक ठिकाण फसवे आहे. इनडिझाइनमध्ये साखळीतली एक चौकट कापून दुसऱ्या पानावर चिकटवली, तर चिकटवलेल्या चौकटीत त्या भागाची स्वतंत्र प्रत येते आणि मूळ मजकूर जुन्या साखळीतच राहतो. त्यामुळे तोच परिच्छेद दोनदा छापला जातो. आपण तपासत असलेला प्रोग्रॅम याबाबतीत कसा वागतो, हे क्रमांकित फाइलवर एकदा करून पाहावे आणि स्थिर आवृत्तीशी ताडून पाहावे. साखळीतली मधली चौकट पुसली, तर तिचा मजकूर पुढच्या चौकटीत सरकायला हवा. तो सरकला नाही तर तक्रारीला जागा आहे.

टप्पा ३: चौकटीचे माप गणिताने तपासा

इथे सर्वाधिक लोक चुकतात, म्हणून जरा रेंगाळू. समजा चौकट २२० मिलिमीटर उंच आहे आणि ओळींमधील अंतर १६ पॉइंट आहे. एक पॉइंट म्हणजे ०.३५२८ मिलिमीटर, म्हणून ३९ ओळींना ६२४ पॉइंट, अर्थात २२०.१३ मिलिमीटर लागतात. चौकट ०.१३ मिलिमीटरने अपुरी पडते. डोळ्याला ३९ वी ओळ बसेलसे वाटते, पण प्रोग्रॅमच्या हिशेबात ती बसत नाही. आणि एखाद्या आवृत्तीने आकडा पूर्णांकात आणण्याची रीत किंचित बदलली, तर जी ओळ काल बसत होती ती आज पुढच्या पानावर जाते. ९६ पानांवर प्रत्येकी एक ओळ पुढे सरकली की ९६ ओळी झाल्या, म्हणजे ३८ ओळींच्या हिशेबाने अडीच पाने. शेवटच्या पानावर वर्गणीदारांची यादी असेल तर तिची नावे नेमकी तिथे कापली जातात. पहिली ओळ चौकटीच्या वरच्या कडेपासून किती खाली सुरू होते आणि शेवटच्या ओळीतल्या उकारांना किती जागा धरली आहे, हेही या हिशेबात येते, आणि प्रत्येक प्रोग्रॅम ते आपल्या परीने मोजतो.

म्हणून चाचणीच्या फाइलमध्ये काठावरची चौकट ठेवू नये. ओळींच्या पूर्ण संख्येपेक्षा अर्धी ओळ जास्त जागा द्यावी. वरच्या उदाहरणात साडेएकोणचाळीस ओळींचे ६३२ पॉइंट होतात, म्हणजे साधारण २२३ मिलिमीटर. एवढी जागा दिल्यावर दोष नाहीसा झाला, तर तो मापाचा होता. तरीही तो नोंदवावा, कारण एकच फाइल दोन आवृत्तींत वेगळी वाहणे ही मुद्रकासाठी लहान गोष्ट नाही. फक्त तक्रारीचे शीर्षक "मजकूर गायब" असे न देता "२२० मिलिमीटरच्या चौकटीत शेवटची ओळ नव्या बिल्डमध्ये पुढे सरकते" असे द्यावे.

देवनागरीचा एक खास प्रश्न याच टप्प्यावर येतो. वेलांटी, रफार, अनुस्वार वर आणि उकार, जोडाक्षरांचे पाय खाली, यांमुळे देवनागरी फॉन्टची उंची त्याच आकाराच्या रोमन फॉन्टपेक्षा बहुधा जास्त नोंदलेली असते. ओळींचे अंतर "आपोआप" ठेवले तर फॉन्ट बदलताच सगळी पाने हलतात. अंतर निश्चित आकड्याने द्यावे. चौकट एका ओळीच्या उंचीपेक्षाही लहान असेल, तर तिच्यात काहीच दिसत नाही. जाहिरातीखालच्या चिमुकल्या मथळ्याच्या चौकटीत असे हटकून घडते. बेसलाइन ग्रिड (ओळी ज्यांवर बसवल्या जातात त्या समान अंतरावरच्या रेषांची जाळी) सुरू असेल तर ती बंद करून एकदा पाहावे, कारण ग्रिडचे अंतर १२ पॉइंट आणि ओळीचे १६ असेल, तर प्रत्येक ओळ पुढच्या रेषेवर, म्हणजे २४ पॉइंटांवर जाऊन बसते आणि मजकूर दीडपट जागा खातो.

*तपासणी:* चौकटीची उंची, ओळीचे अंतर, आतले समास आणि स्तंभांची संख्या हे चार आकडे तक्रारीत देता आलेच पाहिजेत.

टप्पा ४: न दिसणारी अक्षरे दाखवा

छुपी अक्षरे दाखवण्याची सोय सुरू करावी. चौकट तोडणारे आणि स्तंभ तोडणारे चिन्ह, शिफ्ट-एन्टरने केलेली ओळ, न तुटणारी मोकळी जागा या चार गोष्टी आधी शोधाव्यात. आकाशवाणीसाठी किंवा वृत्तपत्रासाठी पूर्वी लिहिलेला लेख जुन्या पेजमेकर फाइलमधून युनिकोडमध्ये रूपांतरित करून आणला असेल, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेद तुटलेला असण्याची दाट शक्यता असते. वेबवरून घेतलेल्या मजकुरात शून्य रुंदीची जागा, म्हणजे युनिकोडमधील २००बी हे अक्षर, शब्दाच्या मधोमध दडलेले असते आणि शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो. उलटपक्षी, न तुटणाऱ्या जागांनी जोडलेली पाच-सहा नावे प्रोग्रॅमला एकच लांब शब्द वाटतात आणि अरुंद स्तंभात ती मावत नाहीत.

*इशारा:* साफसफाईच्या भरात सगळी अदृश्य अक्षरे एका झटक्यात पुसू नयेत. २००डी हे शून्य रुंदीचे जोडचिन्ह मराठीत कामाचे असते. "डोंगरदऱ्या" लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकीत नुक्त्याचा ऱ, म्हणजे ०९३१, वापरतात, तर दुसरीत साधा र, हलन्त आणि २००डी. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या मजकुरातून २००डी पुसला की "डोंगरदऱ्या"चे "डोंगरदर्या" होते. गोव्यात दर्या म्हणजे समुद्र, त्यामुळे मुद्रितशोधकालाही ते पटकन खटकत नाही. सत्तरीवरच्या एका लेखात मी असे सात समुद्र छापण्याच्या बेतात होतो.

टप्पा ५: परिच्छेदाच्या अटी आणि चित्राभोवतीचा वळसा

परिच्छेद एकत्र ठेवा, पुढच्या परिच्छेदाबरोबर ठेवा, आरंभीच्या आणि अखेरच्या किमान ओळी एकत्र ठेवा, या तीन अटी सर्व शैलींतून (परिच्छेदांना लावायच्या ठरीव मांडण्यांतून) काढून पाहाव्यात. "पुढच्याबरोबर ठेवा" ही अट चुकून मुख्य मजकुराच्या शैलीला लागली, तर प्रत्येक परिच्छेद पुढच्याला धरून राहतो आणि अख्खे प्रकरण एका चौकटीत मावायला हवे अशी मागणी निर्माण होते. ती पुरी होणे अशक्य असते. अशा वेळी चांगल्या प्रोग्रॅमने अट मोडून मजकूर दाखवायला हवा. तो अडकून बसला किंवा बंद पडला तर दोष त्याचा. ओळीत बसवलेले चित्र चौकटीपेक्षा उंच असले तरी मजकूर तिथेच थांबतो.

वळसा म्हणजे चित्राला टाळून मजकुराने त्याच्या बाजूने वाहणे. त्याची तपासणी सोपी आहे. सर्व चित्रांचा आणि आकारांचा वळसा बंद करावा, मग एकेक सुरू करावा. दडवलेल्या लेयरवरची (थरावरची), मास्टर पेजवरची (पानांच्या सामाईक साच्यावरची) आणि पांढऱ्या रंगाने भरलेली वस्तू विसरू नये.

टप्पा ६: फॉन्ट आणि भाषा

फॉन्ट संगणकावर नसेल तर प्रोग्रॅम दुसरा वापरतो, अक्षरांच्या रुंदी बदलतात आणि सगळा मजकूर हलतो. फाइल उघडताना आलेली सूचना न वाचता ओके दाबणे ही चूक आपण सगळेच करतो. बीटा तपासताना ती सूचना वाचावी, तिचे चित्र काढून ठेवावे आणि मगच पुढे जावे.

फॉन्ट जागेवर असूनही दोष राहिला, तर भाषेची खूण पाहावी. काही देवनागरी फॉन्टांत मराठीसाठी पाकळीदार ल आणि देठाचा श अशी वेगळी रूपे असतात आणि मजकुराला मराठी ही भाषा लावली असेल तरच ती उमटतात. दोन रूपांच्या रुंदीत फरक असेल तर ओळी वेगळ्या तुटतात आणि त्यामुळे पाने वेगळी वाहतात. बीटा आवृत्तीने फाइल उघडताना भाषेची खूण गाळली, तर दिसणारा परिणाम "मजकूर सरकतो" एवढाच असतो. कारण मात्र ल आणि श यांत दडलेले असते. म्हणून दोन्ही आवृत्तींतल्या एकाच ओळीची मोठी चित्रे शेजारी ठेवून ल पाहावा.

आपल्याकडच्या स्मरणिकांत हा प्रश्न दुपटीने येतो. एकाच अंकात मराठी लेख, देवनागरीतल्या कोंकणी कविता आणि रोमन लिपीतले संदेश असतात. काही प्रोग्रॅमांच्या भाषांच्या यादीत कोंकणी सापडत नाही, मग कोणी तिथे हिंदी लावतो, कोणी मराठी, कोणी काहीच लावत नाही. फॉन्टात मराठीची रूपे आहेत म्हणून कोंकणीसाठीही ती असतील असे धरू नये. चाचणीच्या फाइलमध्ये प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र परिच्छेद-शैली करावी आणि भाषा शैलीतूनच द्यावी. शब्दतोड सुरू असेल तर ती भाषेनुसार चालते, म्हणून एकदा ती पूर्ण बंद करूनही पाहावे.

जोडाक्षर मधूनच फुटून ओळ तुटली, किंवा वेलांटी एका ओळीच्या शेवटी आणि अक्षर दुसरीच्या आरंभी गेले, तर मजकुरातली अदृश्य अक्षरे टप्पा ४ मध्ये तपासलेली असताना असा दोष प्रोग्रॅमच्या अक्षरजुळणीचाच मानावा. खात्रीसाठी दुसरा मोफत फॉन्ट लावावा. "मुक्त" नावाचा फॉन्ट किंवा नोटो सेरिफ देवनागरी सहज मिळतात, आणि तिरो देवनागरीची मराठीसाठी वेगळी आवृत्तीच आहे. तिन्हींत तोच शब्द तसाच फुटला, तर फॉन्ट निर्दोष ठरतो.

*तपासणी:* स्क्रीनवर पाहिले तेवढ्यावर थांबू नये. पीडीएफ काढून प्रत्येक पानाची शेवटची ओळ स्क्रीनशी ताडावी. पीडीएफमधला देवनागरी मजकूर कॉपी करून तुलना करू नये. कॉपी करताना वेलांट्या आणि रफार वारंवार स्थानभ्रष्ट होतात, आणि नसलेला दोष सापडल्यासारखा वाटतो.

टप्पा ७: प्रोग्रॅमवर संशय घ्या, आणि फाइल अर्धी करत जा

इथवर येऊन दोष टिकला असेल, तर तो बहुधा प्रोग्रॅमचा आहे. आता तीन प्रयोग करावेत. पहिला, संगणकावर नवे वापरकर्ता-खाते उघडून त्यातून बीटा चालवावी, म्हणजे आपल्या जुन्या सेटिंग्जचा संबंध तुटतो. दुसरा, मूळ फाइलची प्रत स्थिर आवृत्तीत उघडावी. तिथेही दोष दिसला तर तो जुना आहे, नव्या बिल्डने आणलेला नाही, आणि तक्रारीत तसे लिहावे. तिसरा, मिळत असेल तर आधीचा बीटा बिल्ड उतरवून त्यात पाहावे. दोष कोणत्या दोन बिल्डांच्या दरम्यान शिरला हे सांगता आले, की प्रोग्रॅमरचे निम्मे काम हलके होते.

मग फाइल छाटावी. ९६ पानांच्या प्रतीतली शेवटची ४८ पाने पुसून दोष दिसतो का ते पाहावे. दिसत नसेल तर ती पाने परत आणून पहिली ४८ पुसावीत. ४८, २४, १२, ६, ३ अशा पाच फेऱ्यांत तीन पानांवर येता येते. पानांनंतर चित्रे, लेयर, न वापरलेल्या शैली आणि मास्टर पेज याच क्रमाने पुसावीत. प्रत्येक फेरीची प्रत वेगळ्या नावाने साठवावी, कारण कधी कधी पुसता पुसता दोषच निघून जातो. तसे झाले तर शेवटी पुसलेली वस्तूच दोषाचे मूळ असण्याचा संभव असतो.

काही वर्षांपूर्वी फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या स्मरणिकेची प्रत मी अशीच एका बीटा आवृत्तीत तपासत होतो. यादीतली शेवटची अकरा नावे दिसत नव्हती. मी दोन दिवस फॉन्टवर घालवले. छाटत छाटत तीन पाने उरली, तेव्हा दडवलेल्या लेयरवर जुन्या जाहिरातीचा रिकामा चौकोन सापडला, वळसा लावलेला. लेयर दडवल्यावर वळसा दुर्लक्षावा असे मी सेटिंगमध्ये सांगितले होते, पण फाइल पुन्हा उघडताना प्रोग्रॅम ते सेटिंग विसरत होता. चौकोन माझा, विसर त्याचा. दोन्ही कळल्यावर तक्रार चार ओळींत लिहिता आली.

टप्पा ८: तक्रार लिहिणे

शीर्षकात काय केले आणि काय झाले हे दोन्ही यावे. "टेक्स्ट फ्लो चालत नाही" या शीर्षकावरून कोणालाही काही कळत नाही. "दडवलेल्या लेयरवरील वळसा फाइल पुन्हा उघडल्यावर परत लागू होतो" हे शीर्षक पुरेसे आहे. त्याखाली पायऱ्या क्रमांकाने द्याव्यात, आणि त्या दुसऱ्या कोणाला वाचायला देऊन त्याच्याकडून करून घ्याव्यात; आपण मनात गृहीत धरलेली एखादी पायरी हमखास गळलेली असते. अपेक्षित काय होते, घडले काय, पाच वेळा केले तर किती वेळा घडले, आवृत्ती, बिल्ड, प्रणाली, फॉन्ट, छाटलेली फाइल, तिची पीडीएफ आणि चुकलेल्या जागेचे चित्र एवढे जोडले की पुरे. अंदाज लिहायचा असेल तर तो शेवटी आणि "अंदाज" म्हणूनच लिहावा.

*इशारा:* वर्गणीदारांची, महाजनांची नावे, पत्ते आणि फोन नंबर असलेली खरी फाइल सार्वजनिक तक्रारीला जोडू नये. नावे बदलावीत, मात्र तितक्याच लांबीची आणि तशाच जोडाक्षरांची घ्यावीत, आणि बदलल्यावर दोष अजून दिसतो ना हे पुन्हा पाहावे. विकत घेतलेला फॉन्टही जोडू नये. मोफत फॉन्टावर दोष दाखवता येत नसेल, तर फक्त त्या फॉन्टचे नाव आणि आवृत्ती द्यावी.

टप्पा ९: दुरुस्तीची फेरतपासणी

"दुरुस्त केले" असे उत्तर आल्यावर ज्या बिल्डमध्ये दुरुस्ती आहे तोच बिल्ड घ्यावा; आदल्या रात्रीचा घेऊन "अजून तसेच आहे" असे कळवणाऱ्यांची संख्या कमी नाही. आधी छाटलेली तीन पानांची फाइल मूळ प्रतीवरून उघडावी, नव्या बिल्डमध्ये मध्यंतरी साठवलेली नको. ती ठीक वाटली तर २०० क्रमांकित परिच्छेदांची फाइल नव्याने ओतावी, साठवावी, बंद करावी आणि पुन्हा उघडावी. मग शेवटी ९६ पानांची पूर्ण प्रत उघडून यादीच्या पानावर जावे आणि शेवटचे नाव मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहावे.